सगळ्यांचा मेल्टिंग पॉइंट १२२

एम.एस्सी. ऑरगॅनिकची शेवटची परीक्षा मेमध्ये आटोपली आणि निकालाची वाट न बघता मी लातूरला एका नीटच्या क्लासमध्ये डाउट काउंटरला लागले. लातूर पॅटर्न सगळ्यांना माहीत असतो तो बारावीच्या पोरांमुळे. पण मराठवाड्यात केमिस्ट्री-फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेल्या कितीतरी जणांचा पहिला पगार याच गल्ल्यांतून येतो. मोठे सर हॉलमध्ये शिकवतात, त्यांचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात. आम्ही मागच्या खोलीत टेबल टाकून बसायचं आणि पोरं मॉड्यूल घेऊन आली की अडलेलं सोडवून द्यायचं. रूमचं भाडं आणि मेस वजा जाता हातात फारसं उरत नाही, पण गावाकडं सांगायला बरं पडतं. पोरगी लातूरला शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

आत्याचा मात्र यायचाच. आमचं घर अहमदपूर तालुक्यात, कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. बाबांनी मला नांदेडला ठेवून शिकवलं हे आत्याला पहिल्यापासून जरा जास्तच वाटत आलंय. तिचा फोन आला की सुरुवात ठरलेली, "मग, काय करूलालीस आता?" आणि उत्तराला जागा न ठेवता, "बी.एड. करून टाक. नोकरी नाही लागली तरी स्थळं चांगली येतेत."

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली आज बी.एड. करतायत. बी.एड.ची दोन वर्षं, मग टेट ही शिक्षकभरतीची परीक्षा, मग पवित्र या भरतीच्या पोर्टलवर नाव येण्याची वाट. ज्यांना कॉलेजात शिकवायचंय त्यांच्यासाठी सेट-नेट. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. ती पास होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे सर आमच्याच कॉलेजात होते, म्हणून त्या वाटेचं मला आकर्षण उरलं नव्हतं. सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर गोष्ट वेगळी. २०२३ पासून जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० आहे, आणि कारखान्यात नव्याने लागलेल्या एम.एस्सी.ला त्याच्या निम्मे मिळाले तरी तो पेढे वाटतो. हे गणित मला अजूनही विचित्र वाटतं. पण ती परीक्षा निघायला लागते तशी तयारी माझ्याकडे नव्हती आणि मला प्रयोगशाळेत उभं राहून काम करायचं होतं. म्हणून कंपनी.

इथे कॉलेजच्या प्रॅक्टिकलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नोकरी शोधताना सगळं तिथेच येऊन अडतं.

बेंझॉइक अ‍ॅसिडचा मेल्टिंग पॉइंट १२२ अंश. थीलेच्या नळीत लिक्विड पॅराफिन, थर्मामीटरला दोऱ्याने बांधलेली केशनळी, खाली बर्नर. बर्नर मोठा ठेवला तर पारा पुढे पळतो आणि १२६ ला वितळल्यासारखं दिसतं. सॅम्पल नीट वाळलेलं नसेल तर ११६-११७ लाच ते आकसायला लागतं. वीस पोरांच्या बॅचमध्ये वीस वेगवेगळे आकडे यायला हवेत. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांचा १२२. अ‍ॅसिटॅनिलाइड सगळ्यांचं ११४. टायट्रेशनचं सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आधीच माहीत, मग त्याच्या आजूबाजूची तीन रीडिंग लिहायची. चुकलं तर व्हाइटनर. कच्च्या कागदावर जे खरं आलं ते परीक्षा झाली की रद्दीत, आणि सुबक अक्षरातलं, हेडिंगला स्केचपेन मारलेलं फेअर जर्नल सर्टिफाय होऊन कपाटात. यात पोरांना किती दोष द्यायचा? १२६ लिहिलं की मार्क कापले जायचे आणि १२६ का आला याचं कारण लिहायला जर्नलमध्ये रकानाच नव्हता.

एचपीएलसी, म्हणजे द्रावण कॉलममधून सोडून त्यातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, कॉलेजला होतं. काचेच्या केबिनमध्ये, कव्हर घालून. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली त्या आठवड्यात कव्हर निघालं, फोटो निघाले, पुन्हा कव्हर. इतर कॉलेजांतल्या मैत्रिणींशी बोलले तर त्यांचीही हीच कथा, फक्त मशीनचा रंग वेगळा.

प्रोजेक्टचं तेवढं बरं झालं. आमच्या भागात एम.एस्सी.ला निम्म्या जणांचा प्रोजेक्ट चाल्कोनचा असतो, माझाही होता. अ‍ॅसिटोफेनोन, एक बेंझाल्डिहाइड, अल्कोहोलमध्ये कॉस्टिक, ढवळत ठेवायचं, पिवळं घन खाली बसतं. मग त्याचं पायराझोलिन करायचं. पण माझे गाइड पूर्वी काही वर्षं कंपनीत होते आणि त्यांचा एक हट्ट होता. कच्ची वही एकच, पानांना नंबर, पान फाडायचं नाही, खोडायचं तर एक रेघ आणि बाजूला सही. टीएलसीची, म्हणजे मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणारी, प्लेट आयोडीनमधून काढली की तिचं चित्र त्याच मिनिटाला वहीत. फसलेली रिअ‍ॅक्शनसुद्धा वहीत. त्या वेळी आम्ही त्यांना मागे हसायचो.

निकाल लागला आणि कागदांची जुळवाजुळव सुरू झाली. सगळे मार्कमेमो, प्रोव्हिजनल, टी.सी., आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव एकच आहे ना ते. डिग्री पदवीदान समारंभानंतर येते, तोवर प्रोव्हिजनलवर भागतं. सीव्ही बनवायला मात्र काहीच लागत नाही, कारण त्यात लिहायला काही नसतं. नाव, टक्के, प्रोजेक्ट, 'हार्डवर्किंग', संपलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फार्मा जॉब्सचे ग्रुप आहेत, दिवसभर जाहिराती पडत असतात. क्यूसी (मालाची तपासणी) एक्झिक्युटिव्ह, अनुभव १ ते ३ वर्षं, एचपीएलसी आणि एम्पॉवर सॉफ्टवेअर येणं आवश्यक. फ्रेशर घेणारी जाहिरात दिसली की खाली बघायचं. बहुतेक वेळा शेवटची ओळ असायची, 'ओन्ली मेल कँडिडेट्स'.

कन्सल्टन्सीवाल्यांचेही फोन येतात. नोकरी पक्की, फक्त रजिस्ट्रेशनचे एवढे. एकाने युनिफॉर्म, सेफ्टी शूज आणि गेटपाससाठी पैसे मागितले. खरी कंपनी अशी फोनवरून पैसे मागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर महिन्याला ओळखीतलं कुणीतरी अडकतंच. घरात बसून वर्ष होत आलेलं असतं, त्यामुळे.

पहिला वॉक-इन छत्रपती संभाजीनगरला. रात्रीच्या एसटीने गेले, स्टँडवरच तोंड धुतलं आणि रिक्षाने चिकलठाण्याला. वॉक-इन रविवारी ठेवतात, कारण अनुभव असलेली माणसं आधीच्या कंपनीत रजा न टाकता येऊ शकतात. गर्दी त्यांचीच. हातात पगाराच्या स्लिपा, एकमेकांना नावाने ओळखणारे, "तुमच्याकडं इन्क्रिमेंट किती झालं" अशा गप्पा. फ्रेशर्सची ओळ वेगळी, लांबच लांब आणि गप्प. आमच्यातली दोन मुलं मला म्हणाली की त्यांनी अनुभवाचं सर्टिफिकेट 'करून घेतलंय'. कुठून ते मी विचारलं नाही.

लेखी चाळणी झाली, मग आत बोलावलं. टेबलापलीकडे दोघे जण.

"एचपीएलसी हाताळलंय?"

"नाही सर. थिअरी केली आहे, हात लावलेला नाही."

"मधल्या काळात काय करत होता?"

डाउट काउंटरचं सांगितलं. त्यावर एक जण हसला, "म्हणजे शिकवता. मग आम्हालाच शिकवा. मोबाइल फेजचा पीएच साडेचार ठेवायचाय. फॉस्फेट बफर घेऊ का?"

मोबाइल फेज म्हणजे कॉलममधून वाहणारं द्रावण. हा प्रश्न मला लातूरची पोरं वेगळ्या कपड्यांत रोज विचारत होती. फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात ते आकडे, साधारण २.१, ७.२ आणि १२.३. बफर, म्हणजे पीएच हलू न देणारं द्रावण, आपल्या पीकेएच्या एक अंक वर, एक अंक खाली, एवढ्याच पट्ट्यात तग धरतो. साडेचार हा पहिल्या दोघांच्या जवळपास मधोमध पडतो, म्हणजे फॉस्फेटचा जोर जिथे सगळ्यांत कमी, नेमका तिथे. अ‍ॅसिटेट घ्या, त्याचा ४.७६ आहे. मी कागदावर आलेख काढून दाखवला. दुसऱ्याने विचारलं, "आणि औषधाचाच पीकेए साडेचार असला तर?" मग तो पीएचच ठेवायचा नाही. आयन झालेलं आणि न झालेलं, दोन्ही रूपं निम्मी-निम्मी राहतात, पीएच जरा हलला की आलेखावरचं पीक, म्हणजे टोक, जागा सोडतं. दोन अंक तरी लांब जायचं, पण सिलिकाच्या सी-१८ कॉलमला साधारण २ ते ८ च्या बाहेर नेता येत नाही हेही धरायचं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं काम.

"शिफ्टला येऊ शकाल?"

"हो सर."

"तसं नाही मॅडम, जागा रोटेशनल शिफ्टची आहे. तिसऱ्या शिफ्टला आमच्याकडं लेडीज नसतात. जनरलला काही निघालं तर कळवू."

जाहिरातीत हे लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर एसटीचं तिकीट वाचलं असतं.

१९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाला लावायची मनाई होती. महाराष्ट्राने पुढे त्यात दुरुस्ती करून अटी घालून रात्रपाळीची वाट मोकळी केली. ने-आण करायला गाडी, सुरक्षा, वेगळी विश्रांतीची खोली वगैरे. म्हणजे कायदा आडवा येत नाही, गाडीचा खर्च येतो. एका मुलीसाठी रात्री बस सोडण्यापेक्षा मुलगा घेतलेला परवडतो, इतका साधा हिशोब आहे, आणि तो कुणी तोंडावर सांगत नाही म्हणून मुलींना वाटत राहतं की आपलंच उत्तर चुकलं असेल. हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्या उत्तरात काही चुकलं नव्हतं.

मग हैदराबाद. नांदेड-लातूरच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आणि ऑरगॅनिकवाल्याला तर तेच खरं माहेर. बल्क ड्रगचा, म्हणजे औषधातला मूळ पदार्थ बनवायचा, धंदा तिथे रुजला तो आयडीपीएल या सरकारी कारखान्यामुळे. तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी पुढे आपापले कारखाने काढले. डॉ. रेड्डीज १९८४ साली काढणारे अंजी रेड्डी त्यांतलेच. शिकलेले मात्र आपल्याकडे, मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत आणि पीएच.डी. पुण्याच्या एनसीएल या प्रयोगशाळेतून. जीडीमेटला, पाशमैलारम, बोल्लारम ही तिथल्या औद्योगिक भागांची नावं आमच्या सीनिअर्सच्या तोंडी वाळूज-शेंद्र्यासारखीच असतात.

तिथली लेखी परीक्षा मला आवडली. मेकॅनिझम, रेजिओसिलेक्टिव्हिटी, एनएमआर बघून रचना ओळखा. दोन वर्षं जे शिकले ते पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. काम सिंथेसिस लॅबमध्ये, जनरल शिफ्ट, मुली पुष्कळ. माझी निवडही झाली. ऑफर लेटरमध्ये मात्र दोन वर्षांचा बाँड आणि रुजू होताना सगळे मूळ कागद कंपनीकडे जमा करायचे, असं होतं. बाबांना फोन केला. बाबा दहावी नापास आहेत, पण कागदाच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

"वरिजनल ठेवून घेणार?"

"हो. दोन वर्षांनी परत देतेत म्हणे."

"सातबारा दुसऱ्याच्या घरी ठेवून कुणाचं भलं झालंय का आजवर? माघारी ये."

माघारी आले. वर्गातल्या एका मुलाने तीच ऑफर घेतली, तो तिथे रमलाय आणि कामही चांगलं शिकतोय, हे सांगायला हवं. प्रत्येकाची गरज वेगळी.

हैदराबादलाच अमीरपेठेत एचपीएलसीचे कोर्स चालतात. तीन-चार आठवडे, वर सर्टिफिकेट. माझी रूममेट तिथे गेली होती. एका मशीनभोवती पंधरा जण, तिला स्वतःला इंजेक्शन मारायला क्वचित मिळालं. इंटरव्ह्यूत त्या सर्टिफिकेटकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण भाषा मात्र ती तिथे शिकली. सिस्टिम सुटेबिलिटी, टेलिंग, आरआरटी हे शब्द तिच्या तोंडात बसले, आणि समोरच्याला ते ऐकू येतं. फी परवडत असेल तर मी नको म्हणणार नाही. कर्ज काढून करण्यासारखा तो प्रकार नाही.

नोकरी शेवटी मिळाली ती एका ताईमुळे. आमच्याच कॉलेजची, मला सीनिअर, वाळूजला एका कंपनीत क्यूसीत. तिचा नंबर गाइड सरांनी दिला. आमच्याकडे अशा वेळी लोक लगेच 'वशिला' म्हणतात. मी जवळून पाहिलं ते सांगते. ताईने सीव्ही पुढे पाठवण्याआधी रोज संध्याकाळी तिची शिफ्ट सुटली की फोनवर माझी उलटतपासणी घेतली. रिव्हर्स फेजमध्ये पोलर पदार्थ आधी का बाहेर येतो. डीगॅस का करायचं. पिपेटचा शेवटचा थेंब फुंकायचा का. अनुभव नाही तर नाही म्हण, खोटं लिहिलंस तर माझं नाव जाईल, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं. तिने दिलेलं माणूस कच्चं निघालं तर लॅबमध्ये रोज तिलाच ऐकून घ्यायला लागणार. कंपनीलाही हे पक्कं माहीत असतं, म्हणून जाहिरात देण्याआधी एचआर आपल्याच लोकांना विचारतं, कुणी आहे का तुमच्या ओळखीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागा पडते तोवर बहुतेकदा ती अर्धी भरलेली असते. मला ही पद्धत न्याय्य वाटत नाही. ज्याच्या गावातलं कुणीच आत नाही त्याने काय करायचं? पण ती चालते अशी.

तिथे तोंडी प्रश्न झाले आणि मग लॅबच्या मॅनेजरने आम्हा उरलेल्या काही जणांना बॅलन्स रूममध्ये नेलं. एकेकाला आत. बाहेरून काचेतून दिसत होतं, आवाज नव्हता. माझा नंबर आला तेव्हा पाच दशांश स्थळांचा बॅलन्स, बाजूला पावडरची छोटी बाटली, स्पॅच्युला, बटर पेपर, एक कोरा फॉर्म.

"साधारण २५ मिलिग्रॅम, अचूक वजन करा."

आधी बॅलन्सच्या लेव्हलचा बबल पाहिला, मधोमध होता. बॅलन्सवर लावलेल्या पट्टीवर त्या दिवसाच्या तपासणीची सही आहे का पाहिलं. ताईने हे घोकून घेतलं होतं. पेपर ठेवला, दारं लावली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले, मग टेअर, म्हणजे आकडा शून्यावर. मग स्पॅच्युलाच्या टोकाने थोडं, दार लाव, थांब. १४ वर आलं. अजून थोडं, १९. हात जरा कापत होता. स्पॅच्युलाला बोटाने हलकेच टिचकी मारली आणि पावडर अपेक्षेपेक्षा जास्त पडली. दार लावलं. आकडा वर-खाली होत २५.८३ वर थांबला.

मॅनेजर शेजारी उभे. काढून परत बाटलीत टाकायचं नाही, एवढं पक्कं माहीत होतं. मी फॉर्मवर बॅलन्सचा नंबर, वेळ आणि २५.८३ लिहिलं, सही केली.

"पंचवीस नाही आले?"

"नाही सर. २५.८३ आले."

"मग?"

"साधारण म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे चालतं ना सर. पुढच्या हिशोबात हेच वजन धरायचं."

ते काही बोलले नाहीत. नंतर ताईकडून कळलं की आधीच्या एका मुलाने बराच वेळ पावडर घाल-काढ करून शेवटी २५.०० लिहिलं, आणि बॅलन्सच्या प्रिंटवर काहीतरी वेगळंच होतं. प्रिंट निघते हे त्याला ठाऊक नसावं. मला त्याचं वाईट वाटलं. त्याने तेच केलं जे आम्हाला पाच वर्षं शिकवलं गेलं.

मग शेवटचा टप्पा, त्यांच्या केबिनमध्ये. काळ्या बाइंडिंगचं, सोनेरी अक्षरांचं डिझर्टेशन मी पुढे केलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. "कच्चं कुठं लिहायचा?" वही पिशवीत होती. त्यांनी मधलंच पान उघडलं. तिथे एक रिअ‍ॅक्शन फसलेली होती. टीएलसीवर तीन ठिपके, त्याखाली 'स्टार्टिंग मटेरियल शिल्लक, कॉस्टिक जुनं वाटतं', एक ओळ खोडलेली, बाजूला सही आणि तारीख.

"ही सही कुणी करायला सांगितली?"

"गाइड सरांनी."

"व्हाइटनर का नाही?"

"खाली काय होतं ते दिसलं पाहिजे म्हणाले."

औषधाच्या कारखान्यात हा विषय किती नाजूक आहे ते मला आत आल्यावर समजलं. २०१३ च्या सुमारास अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने भारतातल्या काही कारखान्यांच्या मालावर आयातबंदी घातली आणि त्यामागे नोंदींतले घोळ हे मोठं कारण होतं. नको ती रीडिंग पुसणं, चाचणी पुन्हा करून आधीची लपवणं, फाटके कागद कचऱ्यात टाकणं. तेव्हापासून कुणी लिहिलं, कधी लिहिलं, मूळ कागद कुठे आहे, यावरच सगळी तपासणी फिरते. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिकची नोंद ठेवतं आणि ती पुसता येत नाही. आमच्या लॅबमध्ये कोरा सुटा कागद सापडला तरी जाब विचारतात. विद्यापीठांना अभ्यासक्रमात पेरिसायक्लिक रिअ‍ॅक्शन्स ठेवायच्या तर खुशाल ठेवाव्यात, त्या सुंदर आहेत. पण जर्नलमध्ये १२६ लिहिणाऱ्याला मार्क द्यायला कुणाची परवानगी लागते?

ऑफर ट्रेनीची, जनरल शिफ्ट, महिना १८,००० हातात, कंपनीची बस, कँटीनचे थोडे कापतात. मूळ कागद बघितले आणि परत दिले. बाबांनी फोनवर पहिलं तेच विचारलं. लातूरचा क्लास सोडताना सरांनी पगार वाढवून देतो म्हणून सांगितलं, जे आधी कधी सुचलं नव्हतं. आत्या म्हणाली, कंपनीत म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, गोळ्या तपासते. ते तिला पटलं. आता ती लोकांना मी डॉक्टरच्या हाताखाली आहे असं सांगते.

रुजू झाल्यावर मशीनला हात लावायला मिळेल असं वाटलं असेल कुणाला तर विसरा. सुरुवातीला नुसत्या एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी पद्धती, वाचायच्या, 'वाचलं व समजलं' म्हणून सह्या करायच्या, त्यावर परीक्षा द्यायची. मग वेट लॅब. पीएच, लॉस ऑन ड्राइंग, कार्ल फिशरवर पाण्याचं प्रमाण. नवीन माणसाने आणि जुन्या अ‍ॅनालिस्टने एकाच सॅम्पलची चाचणी करायची, दोघांचे आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळले की मगच त्या चाचणीवर सही करायचा अधिकार. एचपीएलसीवर माझं अजून ते व्हायचंय, पण ताईच्या मागे उभी राहून बघते. स्टँडर्डची पाच इंजेक्शनं, कुपी एकच, कॉलम एकच, तरी पाच एरिया पाच वेगळे. आरएसडी, म्हणजे आकड्यांतला आपापसातला फरक, २ टक्क्यांच्या आत असला की पुढे जायचं. पाचही हुबेहूब एक आले तर काय, असं मी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, मग आधी नोंदी तपासणाऱ्या क्यूएला बोलवायचं.

अमीरपेठेचा कोर्स केलेली माझी रूममेट अजून शोधतेय. तिचा सीव्ही मी गेल्या आठवड्यात एचआरला दिला, त्याआधी फोनवर तिला बफरपासून बॅलन्सपर्यंत सगळं विचारून घेतलं. क्यूसीत दोन जागा निघतायत. दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टच्या, आणि रात्री अकराच्या बसला सध्या एकही मुलगी नाही. मॅनेजर सरांना मी म्हटलं, दोघी घेतल्या तर बसचा खर्च तेवढाच पडतो. ते म्हणाले, प्लँट हेडला विचारतो. सोमवारी त्यांची मीटिंग आहे.